दहा फुटांवरून

साबणाच्या ताटलीत दोन हजार नंबरचा काचपेपर होता. ओला. बोटभर तुकडा, तीन घड्या घातलेला. कानाकोपऱ्यात जिथे ठोकळा पोहोचत नाही तिथे घासायला कागद असाच दुमडतात. ही घडी रंगाऱ्यानेच लेकीला शिकवलेली होती, म्हणून त्याने ती ओळखली.

त्याने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. त्यावर रंगाची पूड नव्हती. फिकट गुलाबी काहीतरी होतं.

"दीड! ए दीड, इकडे ये जरा."

दीड म्हणजे त्याची अकरा वर्षांची मुलगी. लहानपणी सगळे तिला दीडशहाणी म्हणत. बोलण्याच्या घाईत शहाणी गळून पडली आणि दीड तेवढी राहिली.

"मी अभ्यास करतेय," आतून आवाज आला.

"शनिवारी सकाळी सहाला?"

"हो."

"कशाचा?"

उत्तर आलं नाही. दीडकडे उत्तर नाही, असं त्या दोन खोल्यांच्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. तो आत गेला. ती डोक्यावरून पांघरूण घेऊन बसली होती, पुस्तकबिस्तक काही नव्हतं. त्याने पांघरूण ओढलं.

कपाळावर दोन ठिकाणी लालबुंद. उजव्या गालावर मात्र नाण्याएवढी जागा सोलून निघालेली, ओलसर, चकचकीत.

"मी कोरडा नाही घासला," ती घाईघाईने म्हणाली. "पाणी घेऊन घासला. हलक्या हाताने. गोल गोल नाही, एकाच दिशेने. तू सांगतोस तस्साच."

*

गॅरेजात त्याला दुर्बीण म्हणत.

बावीस वर्षं तो गाड्या रंगवत होता. गाडी दारात आली की तो दहा फुटांवर उभा राहायचा, मान जराशी वाकडी करायचा आणि सांगायचा, हा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. गाडीचा मालक सांगायचा, छे, शक्यच नाही, कंपनीतून आली तशी आहे. मग पत्रा उघडला की आतून पुट्टीचं ढेकूळ निघायचं. एकदा तर एका गृहस्थाला त्याने सांगितलं, "डावा दरवाजा. दोनदा." गृहस्थ उसळला, भांडला, आणि संध्याकाळी फोन करून म्हणाला की बायकोने कबूल केलंय. दोनदा.

"तुझ्यामुळे लोकांचे संसार मोडतील," त्याचा जोडीदार डेंटर म्हणायचा. डेंटर पत्रा ठोकून सरळ करायचा आणि रंगारी त्यावरचे ठोके नाहीसे करायचा. दोघांचं असं एका लग्नासारखंच चाललं होतं.

तर अशा या दुर्बिणीला तीन आठवडे घरातल्या घरात, समोरासमोर बसून जेवताना, पोरीच्या कपाळावरचं पुरळ दुसऱ्याने दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं.

*

दवाखान्याच्या बाकावर नंबर यायला वेळ होता. दीडने ओढणी गालाशी धरली होती. ओढणी तिच्या आईची. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"का केलंस?"

"उद्या आत्या येणार ना."

"मग?"

"मागच्या रविवारी ती तुला काय म्हणाली?"

काय म्हणाली ते त्याला पाठ होतं. त्याची मोठी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती: 'पोरीचं तोंड बघितलंस? नुसतं फुटलंय. तुझं लक्ष कुठंय? आता ती मोठी व्हायला लागली, घरात बाईमाणूस हवं. माझ्याकडे पाठव, तिकडच्या शाळेत घालते.' तो तेव्हा जेवणाची ताटं धूत होता. नळाचा आवाज मोठा होता. पोरगी झोपली आहे असं दोघांनाही वाटलं होतं.

"तू ऐकलंस?"

"मी झोपल्यावर मला जास्त ऐकू येतं." तिने ओढणीची कड दाताखाली धरली. "मला वाटलं, तोंड साफ झालं की ती म्हणणार नाही. तुझं लक्ष नाही असं. तू काढतोस ना ओरखडा, तसाच काढायला घेतला. पहिल्यांदा बरं वाटत होतं."

रंगाऱ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग ते हात त्याने मांड्यांखाली सारले, थंडी वाजल्यासारखे.

*

"कशाने झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाई वयस्क होत्या आणि चष्म्याच्या वरून बघत होत्या.

"पडले," दीड म्हणाली.

"काचपेपरने," रंगारी म्हणाला. "दोन हजार नंबर. माझाच. मी गाड्या रंगवतो."

बाईंनी आधी बापाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "पडले म्हणणारी तू, आणि खरं सांगणारे हे. बरं आहे, एकमेकांना सांभाळून आहात." त्यांनी दिवा जवळ ओढला. "खोल नाहीये. साध्या पाण्याने धुवायचं, ही साधी जेली लावायची, खपली धरली तर हात लावायचा नाही. उन्हाला जपायचं, नाहीतर डाग गडद होईल. डाग राहील काही महिने. आणि या कपाळावरच्या पुटकुळ्या, या वयाच्या आहेत. येणारच."

"त्या घालवायला काय करायचं?"

"जखम भरली की तीन गोष्टी. सौम्य फेसवॉश, सकाळ-संध्याकाळ. त्यावर हलकं मॉइश्चरायझर. सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन. बस."

"बस?"

"बस. लिंबू नाही, सोडा नाही, टूथपेस्ट नाही, मैत्रिणीने सांगितलेलं तर काहीच नाही. वासाच्या गोष्टी नकोत. पुरळ वाढलं, दुखायला लागलं, तर माझ्याकडे या."

रंगारी सगळं मनात टिपत होता. एक गोष्ट मात्र कुठेच बसेना.

"आणि घासायचं कधी?"

"कधीच नाही."

"पण घासल्याशिवाय वरचं धरणार कसं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि त्या मनापासून हसल्या. दीडही हसली, मग गाल ताणला म्हणून "आई गं" म्हणाली.

"पत्र्याला नवीन थर तुम्ही देता," बाई म्हणाल्या. "ही स्वतःचा स्वतः बनवते. तुम्ही फक्त मधे येऊ नका."

*

पण रविवार यायचा होता तो आलाच.

"काचपेपर?" आत्याने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "तोंडाला? अरे, बाप रंगारी म्हणून पोरीने स्वतःला पत्रा समजायचं?"

"ताई, बस तरी."

"बसायला नाही आले. उद्या काय करील ही? थिनरने अंघोळ?"

"थिनर वापरत नाही मी," दीड म्हणाली. "त्याने प्लॅस्टिक खराब होतं."

"तू गप. मोठ्यांच्या मधे बोलू नये."

"बोलत नाहीये. माहिती देतेय."

"बघितलंस? बघितलंस ही कशी तोडून बोलते ती? आईविना पोर, तिला कोणीतरी..." आत्या वाईट नव्हती. तिने या दोघांना सहा वर्षं दर रविवारी डबा आणला होता, आणि आजही पिशवीत तो होताच. तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं. "या वर्षाची शाळा होऊ दे. मग ही माझ्याकडे. तुला वाईट वाटलं तरी चालेल."

रंगाऱ्याला बोलायचं होतं. काय बोलायचं तेही त्याला ठाऊक होतं. पण ओला कागद ताटलीत सापडल्यापासून त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. तो इतकंच म्हणाला, "चहा ठेवतो."

*

न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला एक जॉब कार्ड लागलं. गॅरेजात प्रत्येक गाडीच्या काचेला लागतं तसलंच, पिवळं, वर भोक पाडलेलं.

गाडी: दीड.
मॉडेल: अकरा वर्षं.
काम: धुणे, मलम, उन्हाचा मलम (फक्त सकाळी).
विशेष सूचना: घासू नये. घासू नये. घासू नये.

दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीवर पेन्सिलीने काट मारलेली होती. शेजारी लिहिलं होतं, 'गाडी नाही. मुलगी.' खाली सही.

*

गॅरेजातला नियम असा की कुठलाही रंग गाडीवर जाण्याआधी नमुन्याच्या पत्र्यावर मारायचा. एक दिवस वाळू द्यायचा, उन्हात बघायचा, सावलीत बघायचा, आणि मगच गाडीकडे वळायचं. पोरीची खपली पडायला अजून आठवडा होता. तेवढ्यात रंगाऱ्याने नमुन्याचा पत्रा शोधला. तो त्याला आरशात सापडला.

बावीस वर्षं तो तोंडावरचे रंगाचे शिंतोडे थिनरच्या बोळ्याने पुसत आला होता. आता तो सकाळ-संध्याकाळ फेसवॉशने तोंड धुवू लागला. वाटाण्याएवढा घ्यायचा, फेस करायचा, बोटांच्या टोकांनी फिरवायचा, धुवायचा. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. मग मलम. मग उन्हाचा मलम, तोही मानेसकट.

चौथ्या दिवशी डेंटर हातोडा खाली ठेवून त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"काय रे, आज भारीच चकाकतोयस. किती कोट मारलेस?"

"दोन."

"आणि वरून लॅकर?"

"लॅकर नाही, उन्हाचं आहे ते."

"वहिनी बघून ठेवलीस की काय कुठे?"

"पोरीसाठी बघतोय. आधी स्वतःवर."

डेंटर थट्टेच्या तयारीत होता, तो तसाच थांबला. मग त्याने हातोडा उचलला, दोन ठोके घातले आणि पत्र्याकडे बघतच म्हणाला, "नाकाच्या शेंड्यावर पांढरं राहिलंय."

घरी दीडने त्याचं तोंड उजव्या-डाव्या बाजूने नीट तपासलं. "बाबा, तुला गाल आहेत! मला वाटायचं, तिथे थेट दाढीच आहे."

"आग होत नाही, खाज येत नाही," त्याने अहवाल दिला. "तुला लावायला हरकत नाही."

*

खपली पडली त्या सकाळी तो बोटावर मलम घेऊन पुढे झाला. बोट गालाला लागलं मात्र, आणि ती झटक्याने मागे सरली.

"टोचतं."

"मलम?"

"तुझा हात." तिने त्याचा हात उलटा केला, बोटांच्या पेरांवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि जाणत्या माणसासारखी म्हणाली, "चारशे नंबर आहे."

चारशे नंबर म्हणजे खरबरीत. रंगारी हसला, कारण पोरीचं अनुमान अचूक होतं. तळव्याच्या बाजूला कदाचित तीनशे वीस.

"मग कोण लावणार?"

"मी आहे की."

तेव्हापासून तो न्हाणीघराच्या दारात नुसता उभा राहू लागला, खांद्यावर तिचा मऊ टॉवेल टाकून. टॉवेल हातात धरला तर त्याचेही दोरे हाताला अडकायचे. तो फक्त बोलायचा. "वाटाण्याएवढा. वाटाणा म्हटलं मी, बटाटा नाही." किंवा "टीप. पुसतेयस तू. टीप." आणि ती फेसातून म्हणायची, "कळलं रे. तू कामावर जा ना."

कार्ड भरत गेलं. सगळे दिवस सारखे नव्हते. काही रकाने कोरेच राहिले. एका जागी त्याने लिहिलं होतं, 'आज सकाळचं राहिलं, गडबड.' त्याखाली पेन्सिलीने: 'तुझं राहिलं. माझं नाही.' पुढे एकदा, 'कपाळ बरं.' मग, 'हनुवटीवर नवीन एक.' मग चार दिवस पेन्सिलीने नुसतंच, 'घासलं नाही.' 'घासलं नाही.' 'घासलं नाही.' 'वाटलं होतं, पण घासलं नाही.'

या शेवटच्या ओळीपाशी तो बराच वेळ उभा राहिला होता. त्यात तिची शाळेची बस चुकली त्या दिवशी.

गालावरचा डाग मात्र होता. आधी गुलाबी, मग तांबूस, मग तपकिरी. बाईंनी सांगितलं होतं, जाईल सावकाश. डोळ्यांना सावकाश ही गोष्ट माहीत नसते.

*

शाळेत फोटो काढणारा येणार होता, त्या दिवशी सकाळी नाकावर पुटकुळी होती. अगदी मधोमध, सांगून आल्यासारखी.

दार अर्धवट उघडं होतं. रंगारी टॉवेल घेऊन यायला निघाला होता, तो बाहेरच थांबला. दीड आरशासमोर उभी होती. तिने मान जराशी वाकडी केली, थेट त्याच्यासारखी. बोट वर आलं. पुटकुळीपाशी येऊन थांबलं. आरशातले डोळे त्या बोटाकडे बघत राहिले. नळ ठिबकत होता. मग बोट खाली आलं. तिने नळ सोडला, वाटाण्याएवढा फेसवॉश घेतला आणि ती रोजच्यासारखं तोंड धुवायला लागली.

तो पावलं न वाजवता मागे गेला, आणि मग मुद्दाम खोकत आला.

गॅरेजात तो त्या दिवशी छाती काढून फिरत होता. पण सांगणार कोणाला? शेवटी न राहवून डेंटरला सांगितलं.

"आज पोरीने फोडली नाही."

"काय?"

"पुटकुळी."

डेंटरने विचार केला. "माझ्या पोराने काल खिडकी फोडली. तुझं बरं चाललंय."

*

शाळा संपली, आणि ज्या रविवारी आत्या दीडला न्यायला यायची होती त्याच्या आदल्याच दिवशी फोटो मिळाले. पलंगाखालून काढलेली दीडची बॅग भिंतीशी उभी होती. ती कोणी भरली नव्हती आणि परत पलंगाखालीही कोणी सारली नव्हती.

आत्याने आज पिशवी खाली ठेवली. पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कपाळ स्वच्छ होतं. गालावरचा डाग फिकटला होता, पण होता.

"हं," ती म्हणाली. या 'हं'चा अर्थ लावायला रंगाऱ्याला जमलं नाही.

"फोटो बघ ना, आत्या." दीडने पाकीट पुढे केलं. त्यात दोन फोटो होते. एक अख्ख्या वर्गाचा, ओळीने लावलेल्या चेहऱ्यांचा. दुसरा तिचा एकटीचा, मोठा.

आत्याने वर्गाचा पाहिला. तीस पोरं, एक सोडून बाकीचे चेहरे कसे गुळगुळीत, सगळे एकाच डब्यातून रंगवल्यासारखे. मग तिने मोठा फोटो पाहिला. नाकावर पुटकुळी. गालावर डाग.

"अगं, हे काढून नाही घेतलं? कॉम्प्युटरवर पुसतात ना? सगळ्यांचं पुसलेलं दिसतंय."

"तो विचारत होता. म्हणाला, एका मिनिटात साफ करतो. मी नको म्हटलं."

"का गं बाई?"

दीडने खांदे उडवले. या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

"बाबा दहा फुटांवरून ओळखतो, पुन्हा रंगवलेलं."

रंगाऱ्याने ताटं धुवायला घेतली, खरं म्हणजे ती धुतलेलीच होती. आत्या फोटो हातात घेऊन बसून राहिली. मग ती उठली, तोंडावर पाणी मारायला न्हाणीघरात गेली. आत जरा जास्तच वेळ लागला. दाराच्या आत पिवळं कार्ड होतं, आता ते एक नव्हतं, चार होती, एकाखाली एक.

बाहेर येऊन ती टॉवेलने खसाखसा तोंड पुसू लागली.

"आत्या," दीड म्हणाली. "टिपायचं."

आत्याचा हात थांबला. भावाने मान खाली घातली आणि तो वाट बघत राहिला, आता फुटेल म्हणून. पण तिने टॉवेलची घडी केली आणि गाल टिपले. आधी उजवा, मग डावा.

"मी दर रविवारी येतच राहणार," निघताना ती भावाला म्हणाली. "चुकलात की सांगणार. मग म्हणू नकोस, ताई बोलते."

"बोल की. तुझा हक्कच आहे."

"आणि पोरीला काही बाईचं विचारायचं असलं तर मला फोन करील ती. तुला नाही."

"मी दोघांनाही करीन," दीड म्हणाली.

"दीडशहाणी!" आत्याने सहा-सात वर्षांनी तिला पूर्ण नावाने हाक मारली. मग तिने टेबलावरचा मोठा फोटो उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि पिशवीत डब्याशेजारी उभा ठेवला. "हा मी नेते. तुम्ही दुसरा मागवा."

बॅग भिंतीशी तशीच राहिली. संध्याकाळी रंगाऱ्याने ती पलंगाखाली सारली.

*

दुसरा फोटो यायला पंधरा दिवस लागले. गॅरेजाच्या भिंतीवर आजवर रंगांच्या शेडचे तक्ते सोडून काही लागलं नव्हतं. त्याने खिळा ठोकला, तोही डेंटरला न देता स्वतः. फोटो टांगला, किंचित तिरका होता तो सरळ केला. काचेवर बोटाचा ठसा उठला. पुसायला त्याने सवयीने फडकं उचललं, आणि मग ते घासलं नाही, नुसतं टेकवलं.

मग तो पावलं मोजत मागे सरकला. दहा फुटांवर थांबला. मान जराशी वाकडी केली.

"काय दिसतंय?" डेंटरने गाडीखालून विचारलं.

"ओरिजिनल आहे," रंगारी म्हणाला. "कुठे हात लागलेला नाही."